पाण्याने गिरवलेला कित्ता : चिनी अक्षरांच्या सरावाच्या कापडाचे परीक्षण

चिनी अक्षरे हाताने लिहायला शिकताना योग्य क्रमाने रेघा काढण्याची सवय लागावी म्हणून मी गेल्या चौदा महिन्यांत तीन साधनांवर पैसे खर्च केले: पाण्याने लिहायचे एक कापड, वर्गणी भरून घेतलेले एक ॲप आणि चौकटींच्या वह्या. हे परीक्षण मुख्यतः कापडाचे आहे. उरलेली दोन साधने तुलनेपुरती येतील. चिनी भाषेत या कापडाला 'श्वेइ-श्ये-पू' म्हणतात. श्वेइ म्हणजे पाणी, श्ये म्हणजे लिहिणे आणि पू म्हणजे कापड, तेव्हा नावात काही लपवलेले नाही. विक्रेत्याचे नाव मी देत नाही, कारण हाच माल निरनिराळ्या नावांनी अनेक जण विकतात आणि पुढे केलेल्या तक्रारी एकट्या कुणाच्या माथी मारणे योग्य होणार नाही.

साडेपाचशे रुपयांच्या संचात कापडाची एक गुंडाळी, एक कुंचला, पाण्यासाठी प्लॅस्टिकची उथळ बशी आणि रेघांचा क्रम आकड्यांनी दाखवणारा एक छापील कागद एवढे साहित्य आले. मी मूळचा सोलापूरचा, त्यामुळे कापड बोटांत चोळून पाहिल्याशिवाय त्याविषयी मत बनवायचे नाही ही सवय जुनी आहे. चोळून पाहता हे कापड म्हणजे काळ्या पायावर राखाडी-पांढऱ्या लेपाचा पातळ थर असलेला जाडसर पत्रा वाटतो; चादरीचा किंवा सुताचा स्पर्श त्याला नाही. एका बाजूला लालसर रेघांच्या चौकटी छापलेल्या असून प्रत्येक चौकटीत उभी, आडवी आणि दोन तिरक्या अशा तुटक रेषा आहेत. तांदूळ या अर्थाच्या 'मी' या अक्षराचा आकार साधारण तसाच दिसतो, म्हणून या आखणीला 'मी'ची चौकट म्हणतात. तिरक्या रेषा नसल्या आणि फक्त उभी-आडवी असली, तर तीच चौकट शेत या अर्थाच्या 'थ्येन' अक्षरासारखी दिसते आणि तिला 'थ्येन'ची चौकट म्हणतात. अक्षराचा मध्य कुठे पडतो, कोणती रेघ मध्याच्या किती वर राहते आणि उजवीकडे किती झुकते, हे या तुटक रेषांमुळे डोळ्यांना चटकन कळते.

कापडाची करामत साधी आहे. वरच्या लेपात सूक्ष्म छिद्रे असतात आणि ती कोरडी असताना प्रकाश सगळीकडे विखुरला जाऊन पृष्ठभाग फिका दिसतो. त्यात पाणी शिरले की विखुरणे कमी होऊन लेप जवळपास पारदर्शक होतो आणि खालचा काळा थर दिसू लागतो. त्यामुळे कुंचल्यात शाई नसतानाही ठसठशीत काळी रेघ उमटते, आणि पाणी वाळले की काही मिनिटांत ती पुसली जाते. पेइचिंगच्या, म्हणजे बीजिंगच्या, उद्यानांत वयस्क माणसे लांब दांड्याला लावलेल्या स्पंजाच्या कुंचल्याने फरसबंदीवर पाण्याने अक्षरे लिहितात. त्या लिहिण्याला 'ती-शू', म्हणजे जमिनीवरचे लेखन, असे नाव आहे. हे कापड म्हणजे तीच फरसबंदी घडी घालून घरी आणल्यासारखे आहे. आपल्याकडच्या दगडी पाटीची आठवण ज्यांना आहे त्यांना मात्र यातला फरक लगेच जाणवेल. पाटी आपण स्वतः पुसतो. कापड आपले ऐकत नाही, ते त्याच्या वेळेला पुसले जाते.

क्रमाचा एवढा आग्रह कशासाठी, हा प्रश्न मला घरातल्या सगळ्यांनी विचारला आहे, आणि त्याचे उत्तर आपल्याच लिप्यांत सापडते. शाळेत आपल्याला आधी अक्षर काढून मग वर शिरोरेघ द्यायला शिकवतात. मोडी लिहिणारे मात्र आधी कागदभर आडव्या रेघा आखून घेत आणि मग बोरूने त्यांना अक्षरे लटकवीत जात. दोन्ही पद्धतींत शेवटी शिरोरेघेखालची अक्षरेच दिसतात, पण हात निराळा चालतो आणि म्हणूनच मोडीचे अक्षर धावते, देवनागरीचे थांबत थांबत जाते. चिनी लेखनात हा फरक अक्षराच्या आतच भरलेला असतो. घाईने लिहिताना, म्हणजे ज्याला 'शिंग-शू' किंवा धावते लेखन म्हणतात त्यात, कुंचला अर्धवट उचलला जातो आणि एका रेघेच्या शेपटीचा पुसट धागा पुढच्या रेघेच्या तोंडाला जाऊन मिळतो. कोणती रेघ आधी आणि कोणती नंतर हे ज्याच्या हाताला माहीत नाही, त्याला ते धागे म्हणजे नुसता गुंता वाटतो; त्याला धावते अक्षर लिहिता येत नाही आणि दुसऱ्याचे वाचताही येत नाही. शिवाय जुन्या बटणांच्या फोनवर आकड्यांच्या कळा दाबून चिनी लिहिण्याची एक पद्धत होती आणि ती आजही अनेकांच्या फोनमध्ये आहे. तिच्यात आडवी रेघ म्हणजे १, उभी म्हणजे २, डावीकडे उतरणारी म्हणजे ३, ठिपका म्हणजे ४ आणि मोडलेली रेघ म्हणजे ५, असे आकडे लिहिण्याच्या क्रमाने दाबायचे असतात. क्रम चुकला की हवे ते अक्षर समोर येत नाही.

हा क्रम गुरुजींच्या मर्जीवरही चालत नाही. चीनमध्ये १९९७ साली ७००० अक्षरांसाठी रेघांच्या क्रमाचे अधिकृत मानक प्रसिद्ध झाले. पुढे २०१३ च्या यादीत ८१०५ प्रमाण अक्षरे ठरवली गेली आणि त्या सगळ्यांसाठी २०२० मध्ये नवे मानक जाहीर होऊन ते मार्च २०२१ पासून लागू झाले. मुळातले नियम मोजकेच आहेत. आधी आडवी, मग उभी; आधी डावीकडची, मग उजवीकडची; वरून खाली; मधली आणि दोन बाजूंच्या असतील तर आधी मधली; आणि बंद चौकट असेल तर बाहेरची भिंत उभी करून, आतले सामान भरून, मग सर्वांत शेवटी तळाची रेघ. देश या अर्थाचे 'क्वो' हे आठ रेघांचे अक्षर याचा चांगला नमुना आहे: घरात सगळे आले की मग दार लावायचे. पण नियम पाठ असणे आणि हाताने ते पाळणे यांत अंतर असते. तोंड या अर्थाचे 'खौ' हे अक्षर दिसायला नुसता चौकोन आहे. तरीही ते तीन रेघांत लिहायचे असते: डावी उभी, मग वरची आडवी न थांबता वळून खाली उतरणारी, मग तळाची. पहिल्या महिन्यात मी तो चौकोन हमखास चार रेघांत काढत असे, आणि कधी कधी तर अंडे काढावे तसा एकाच फेरीत.

माझ्या दृष्टीने या कापडाचा खरा गुण कोणत्याही जाहिरातीत वाचायला मिळत नाही. एकसारखे पाणी घेऊन सावकाश लिहिले, तर अक्षर ज्या क्रमाने लिहिले त्याच क्रमाने वाळत जाते. आधी काढलेली रेघ आधी फिकी होते आणि शेवटची रेघ सर्वांत शेवटी राहते, म्हणजे आपण केलेल्या लिखाणाची उजळणी कापड आपल्यासमोर पुन्हा एकदा करून दाखवते. हे माझ्या लक्षात यायला तीन आठवडे लागले, आणि तेही चुकीमुळे. करू शकणे या अर्थाचे 'ख' हे पाच रेघांचे अक्षर आहे. त्यात वर एक लांब आडवी रेघ, तिच्याखाली डावीकडे छोटा 'खौ'चा चौकोन आणि उजवीकडे खाली आकडा, म्हणजे हुकासारखे वळण, असलेली उभी रेघ असते. मराठी हाताला सहज सुचते ते असे की आधी वरची आडवी आणि तिला लागूनच उभी काढावी आणि मग रिकाम्या जागेत चौकोन बसवावा. योग्य क्रम आहे आडवी, मग चौकोन, आणि आकड्याची उभी सर्वांत शेवटी. त्या दिवशी मी पानभर 'ख' लिहिले आणि चहा घेऊन परत येऊन पाहिले, तर सगळीकडे उभ्या रेघा निम्म्याहून अधिक पुसल्या गेल्या होत्या आणि चौकोन मात्र अजून काळेभोर होते. बाजूला शिकवणारा कुणी नसताना, वाळत चाललेल्या पाण्याने मला माझी चूक दाखवली. वहीत लिहिलेले अक्षर चुकीच्या क्रमाने लिहिले तरी बरोबर दिसते. कापडावरचे अक्षर काही काळ तरी खोटे बोलत नाही.

या गुणाला मर्यादा आहेत आणि त्या सांगणे आवश्यक आहे. पाच रेघांचे अक्षर भराभर लिहिले, तर पहिल्या आणि शेवटच्या रेघेत चार-पाच सेकंदांचेच अंतर राहते आणि वाळण्यातला फरक डोळ्यांना दिसत नाही. कुंचला मध्येच बशीत बुडवला तर नंतरची रेघ जास्त ओली होऊन जास्त वेळ टिकते आणि हिशेब बिघडतो. आकड्याच्या टोकाशी किंवा जाड फराट्याच्या शेवटी पाणी साचते, तेवढा ठिपका मागे रेंगाळतो. म्हणून मी आता एका अक्षरासाठी कुंचला एकदाच भरतो, बशीच्या काठावर निथळवतो आणि प्रत्येक रेघेनंतर श्वासभर थांबतो. नवशिक्याला असे थांबणे तसेही हिताचेच असते.

एखादे अक्षर सुटे गिरवण्याने मजा येत नाही, म्हणून कसोटी म्हणून मी एक नाव निवडले आणि कापड, ॲप आणि वही या तिन्हींवर तेच लिहीत राहिलो. ते नाव म्हणजे 'ख तीह्वा', अर्थात डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचे चिनी नाव. १९१० साली सोलापुरात जन्मलेले कोटणीस १९३८ मध्ये पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले, तिथे चिनी बोलायला आणि लिहायला शिकले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी तिथेच वारले. सोलापुरातले त्यांचे घर आता स्मारक आहे, आणि तिथे शाळेच्या सहलीत गेलेल्या मुलांपैकी मीही एक होतो. पाचही डॉक्टरांच्या चिनी नावांच्या शेवटी 'ह्वा' हे अक्षर जोडलेले होते, आणि 'ह्वा' हे चीनचेच एक नाव आहे.

सरावासाठी हे नाव असे काही जमून आले आहे की ते कुणी मुद्दाम पाठ्यपुस्तकासाठी तयार केले असावे असे वाटते. पहिल्या 'ख' अक्षरात नऊ रेघा आहेत, 'ती'मध्ये बारा आणि आजच्या सोप्या रूपातल्या 'ह्वा'मध्ये सहा, एकूण सत्तावीस. पहिल्या दोन्ही अक्षरांच्या डाव्या बाजूला लाकूड किंवा झाड या अर्थाचे 'मू' हे घटक-अक्षर उभे आहे. 'मू' एकटे लिहिताना शेवटची रेघ उजवीकडे पसरणारा फराटा असते, ज्याला 'ना' म्हणतात. पण तेच झाड दुसऱ्याच्या शेजारी डावीकडे उभे राहिले की तो फराटा आखडून नुसता ठिपका होतो, कारण पसरले तर शेजाऱ्याच्या अंगावर जाईल. दाटीवाटीच्या चाळीत राहिलेल्या माणसाला हा नियम वेगळा समजावून सांगावा लागत नाही. पहिल्या अक्षराच्या उजव्या बाजूला वर सांगितलेला, शेवटी उभी रेघ मागणारा पाच रेघांचा 'ख' आहे. 'ती'च्या उजव्या बाजूला आठ रेघांचा एक अवघड भाग आहे, ज्यात आकड्याची उभी रेघ मधोमध उतरते आणि तिच्या दोन्ही बाजूंना पाण्याचे शिंतोडे उडावेत तशा चार छोट्या रेघा येतात: डावीकडे एक ठिपका आणि एक वर उचललेली 'थी', उजवीकडे एक उतरती 'फ्ये' आणि एक 'ना'चा फराटा. 'ह्वा'मध्ये वर माणूस आणि त्याच्या शेजारी वाकडी बसलेली आकृती, आणि खाली आडवी-उभी मिळून दहाचा आकडा. सत्तावीस रेघा सावकाश लिहायला मला दीड-दोन मिनिटे लागतात, आणि तेवढ्या वेळात पहिले झाड फिके व्हायला लागलेले असते. सोलापूरच्या उन्हाळ्यात, पंख्याखाली, 'ह्वा'चा दहाचा आकडा काढून हात वर घ्यावा तोवर 'ख' निम्मा गेलेला असतो. क्रम तपासायला हे उत्तम. लिहिलेले संपूर्ण नाव एकदा डोळे भरून पाहावे अशी इच्छा असेल तर मात्र निराशा पदरी येते.

पुण्याच्या पावसाळ्यात उलट अनुभव येतो. जुलैत एकदा लिहिलेले पान अर्ध्या तासाने पाहिले तरी ओले होते, आणि कुबट वास येऊ लागला म्हणून मी गुंडाळी कपडे वाळत घालायच्या दोरीवर टांगली. कापड अर्धवट ओले असताना गुंडाळून ठेवू नये हे मी तेव्हा शिकलो, कारण एका ठिकाणी लेपाला सुरकुतीसारखी भेग पडली आणि ती आजही प्रत्येक अक्षरात एक जादा रेघ म्हणून हजर असते. दुसरी अडचण पाण्याची आहे. सुरुवातीला मी बोअरचे पाणी वापरले आणि दोन महिन्यांत कापडावर पांढुरके क्षारांचे डाग पडले. त्या जागी रेघ पूर्ण काळी होत नाही. आता मी फिल्टरचे पाणी घेतो. डागांवर ओले फडके हळुवार फिरवून काही उपयोग झाला, पण जोराने घासल्यास लेप निघतो हे घासून पाहिल्यावर कळले. बशी बदलावी, ती इतकी हलकी आहे की कुंचला टेकवला की कलंडते. मी घरातली लोणच्याची चिनी मातीची वाटी घेतली.

कुंचल्याविषयी जास्त बोलण्यासारखे नाही. तो पहिल्या आठवड्यात केस गाळतो, मग गाळायचा थांबतो, आणि टोक कधीच नीट जुळत नाही. चांगल्या चिनी कुंचल्यांत दोन मुख्य जाती असतात: बकरीच्या मऊ केसांचा, आणि ज्याला नावाने 'लांडग्याचे केस' म्हणतात पण जो प्रत्यक्षात वीझल या मुंगसाएवढ्या प्राण्याच्या केसांचा असतो तो कडक. संचातला या दोन्हींपैकी कुठलाही नाही. दीडशे-दोनशे रुपये जादा घालून चित्रकलेच्या साहित्याच्या दुकानातला टोकदार गोल ब्रश घेतला तर 'फ्ये'चे निमुळते शेपूट आणि 'ना'चा दाबून सोडलेला फराटा यांतला फरक प्रथमच हातात येतो. रेघेची जाडी दाबावर बदलते ही गोष्ट बॉलपेनने शिकलेल्या हाताला नवीच असते.

संचातली सर्वांत गंभीर उणीव मात्र त्या छापील कागदात आहे आणि ती नवशिक्याला सहसा दिसणार नाही. मला आलेल्या कागदावर राजा या अर्थाच्या 'वांग'चा क्रम असा दाखवला होता: वरची आडवी, मग उभी, मग उरलेल्या दोन आडव्या. चीनमध्ये हे अक्षर दोन आडव्या, मग उभी आणि शेवटी तळाची आडवी असे लिहितात. मी बराच काळ गोंधळलो, आणि माझ्या शिकवणाऱ्या बाईंना छायाचित्र पाठवल्यावर उलगडा झाला की कागद जपानी क्रमाचा आहे. जपानच्या शिक्षण मंत्रालयाने १९५८ साली शाळेतल्या ८८१ अक्षरांसाठी क्रमाची स्वतंत्र मार्गदर्शिका काढली होती आणि तिथली परंपरा काही अक्षरांत चीनहून वेगळी आहे. शेत या 'थ्येन' अक्षरात चीनमध्ये आतली आडवी आधी आणि उभी नंतर येते. जपानमध्ये उभी आधी. उजवीकडे या अर्थाच्या 'यौ' या अक्षरात चिनी मूल आडव्या रेघेने सुरुवात करते आणि जपानी मूल डावीकडे उतरणाऱ्या रेघेने. जपानी शिकणाऱ्यासाठी हा कागद निर्दोष असेल. पण पाकिटावर चिनी लेखनाचे नाव टाकून त्यात तो घालणे म्हणजे कानडी शिकणाऱ्याला तेलुगूची बाराखडी देण्यासारखे आहे. अक्षरे ओळखीची वाटतात आणि म्हणूनच फसगत जास्त होते. माझा सल्ला असा की हा कागद बाजूला ठेवावा आणि क्रम 'हान्झी रायटर' या मोफत, खुल्या स्रोताच्या साधनावर पाहावा. त्यात नऊ हजारांहून अधिक अक्षरे आहेत आणि प्रत्येक अक्षर रेघ-रेघ करून समोर उलगडते. स्वतः काढून पाहण्याचीही सोय आहे आणि तीनदा चुकले की हवी ती रेघ चमकून दिसते.

आता ॲपविषयी. मी वर्षाची वर्गणी भरून घेतलेले ॲप अशाच प्रकारचे, अधिक सजवलेले आहे आणि रोजची उजळणी ठरवून देण्याच्या कामात ते खरोखर चांगले आहे. विसरायला आलेले अक्षर ते नेमके त्याच दिवशी समोर आणते, हे मला वहीने किंवा कापडाने कधीच करून दिले नसते. पण हाताच्या बाबतीत ते फार लाड करते. बोटाने काचेवर एखादी वाकडी, अर्धवट, भलत्याच उंचीवरची रेघ ओढली तरी दिशा आणि क्रम ठीक असेल तर ॲप ती उचलते आणि छापील सुबक रेघेत बदलून जागेवर बसवते, त्यामुळे पडद्यावर दिसणारे देखणे अक्षर आपले नसते, ॲपचे असते. तीन महिन्यांनी मी 'ख तीह्वा' ॲपवर न चुकता लिहीत होतो. त्याच संध्याकाळी कोऱ्या कागदावर लिहायला बसलो तर दुसऱ्या अक्षरातले शिंतोडे कुठे आणि किती हेच आठवेना. चिनी लोकांतही हा रोग आहे आणि त्याला चार अक्षरांचे नाव आहे, ज्याचा अर्थ लेखणी उचलली की अक्षर विसरणे असा होतो. रोमन अक्षरे टाइप करून फोनने सुचवलेले चिनी अक्षर निवडण्याची सवय झाल्यावर दुसरे काय होणार? ॲपमध्ये चुकीच्या क्रमाला शिक्षा आहे, पण आपण ओळखतो आहोत की आठवतो आहोत हे ते नीट वेगळे करू शकत नाही. तीन चुका करून इशारा मिळवायचा, हा मार्ग हाताने केव्हा शोधला हे मला कळलेच नाही.

वही हे तिन्हींतले सर्वांत स्वस्त आणि सर्वांत कंटाळवाणे साधन. परदेशातून मागवलेल्या 'थ्येन'च्या चौकटींच्या वह्या देखण्या असतात, पण त्यांवर खर्च करण्याची गरज नाही, कारण पहिलीच्या मुलांची गणिताची चौकटीची वही कोणत्याही स्टेशनरीच्या दुकानात मिळते आणि तिच्यातल्या चार चौकटी मिळून 'थ्येन'ची एक चौकट नेमकी तयार होते. तिरक्या रेषा हव्या असतील तर पेन्सिलीने मारून घ्याव्यात. मी रोज एक पान लिहितो: डाव्या स्तंभात शिक्षिकेने लिहून दिलेला कित्ता, पुढच्या दोन स्तंभांत पाहून, आणि उरलेल्यांत हात ठेवून डावा भाग झाकून. चिनी मुलेही फिक्या लाल अक्षरांवरून काळ्या शाईने गिरवतच शिकत आली आहेत, तेव्हा कित्ता गिरवणे ही दोन्हीकडची जुनीच रीत आहे. वहीचा दोष एवढाच की लिहिलेले तसेच राहते आणि चुकीच्या क्रमाने लिहिलेले अक्षरही सुंदर दिसले तर आपण त्यावर खूश होतो.

हे कापड कुणी घ्यावे? ज्यांना चीनमध्ये नोकरी किंवा व्यापार करायचा आहे आणि लिहिण्याचे काम फोनवरच होणार आहे, त्यांनी घेऊ नये. त्यांचा वेळ ऐकण्यात आणि बोलण्यात जावा. परीक्षेसाठी शिकणाऱ्यांनी आकडे पाहून ठरवावे. चिनी भाषेच्या प्रावीण्याचे २०२१ चे नवे मानक नऊ पातळ्यांचे आहे. त्यात वाचता यायला हवीत अशी ३००० अक्षरे आहेत, पण हाताने लिहायची यादी फक्त १२०० अक्षरांची आहे, प्रारंभिक टप्प्याला ३००, मधल्याला ४०० आणि वरच्याला ५००. म्हणजे ज्यांनी ही लिपी सांभाळायची त्यांनीच परदेशी विद्यार्थ्याच्या हाताकडून कमी अपेक्षा ठेवली आहे. पहिल्या तीनशे अक्षरांसाठी हे कापड मी नि:शंकपणे सुचवेन, कारण त्या तीनशेंत जे घटक येतात, झाड, पाणी, तोंड, माणूस, चालणे, तेच पुढे हजारो अक्षरांत पुन्हा पुन्हा भेटतात आणि त्यांचा क्रम एकदा हातात बसला की पुढच्या अक्षरांत तो वेगळा शिकावा लागत नाही. लहान मुले घरात असतील तर अर्धे कापड त्यांना द्यावे लागेल हे गृहीत धरावे. माझ्या पुतणीने पहिल्याच दिवशी त्यावर स्वतःचे नाव मराठीत लिहिले, शिरोरेघ शेवटी दिली, आणि मग ती शिरोरेघ सर्वांत शेवटी वाळते हे पाहत बसली.

भेग पडलेल्या कापडाऐवजी गेल्या महिन्यात मी दुसरे मागवले. या वेळी चौकटी नसलेले, कोरे घेतले आणि सोबतचा कागद न वाचता ड्रॉवरमध्ये ठेवून दिला. कोऱ्या कापडावर अक्षराचा मध्य आपणच ठरवावा लागतो, त्यामुळे पहिल्या दहा ओळी उजवीकडे चढत गेल्या. लेप मात्र आधीच्यापेक्षा जाड आहे आणि नोव्हेंबरच्या कोरड्या हवेत अक्षर साधारण चार मिनिटे टिकते, तेव्हा सध्या तरी 'ह्वा' संपेपर्यंत 'ख' पूर्ण दिसतो.